इकोमध्ये दोघांच्या झोपण्याची साधी सोय: गोव्याच्या हवेला मानवेल अशी

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. मारुतीच्या इको किंवा तशाच मिनीव्हॅनमध्ये दोघांना नीट झोपता येईल अशी सोय कशी करावी, हे मला निरोपातून बऱ्याच जणांनी विचारले. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो. अनुभवी मंडळींनी भर घालावी.

व्हिडिओत दिसणाऱ्या बहुतेक राहत्या गाड्या थंड मुलखासाठी बांधलेल्या असतात. पत्र्याला आतून लोकरीचा किंवा फोमचा थर, त्यावर लाकडी अस्तर, पक्की कपाटे, सिंक. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतो, वर्षाला साधारण ३,००० मिमी, आणि उरलेल्या महिन्यांतही किनाऱ्यावरची हवा कोरडी नसतेच. पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये एकदा ओल शिरली की ती तिथेच राहते. वर्षभरात बुरशीचा वास सुटतो आणि आतून गंज धरतो, तो दिसतसुद्धा नाही. त्यामुळे माझे मत ठाम आहे: जी वस्तू दहा मिनिटांत बाहेर काढून उन्हात टाकता येत नाही, ती गोव्यातल्या गाडीत बसवू नये. पुढचे सगळे या एकाच गोष्टीवर उभे आहे.

गाडी इकोच का? लांबी ३,६७५ मिमी, रुंदी १,४७५ मिमी, म्हणजे गावातल्या अरुंद रस्त्यांवर आणि फेरीबोटीवर सहज जाते. दोन्ही बाजूंना सरकती दारे, मागचे दार वर उघडते. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने मागची जमीन जवळजवळ सपाट मिळते. मारुतीचीच ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, पण चांगल्या स्थितीतली जुनी मिळाली तर हेच सगळे तिच्यातही जमते, फक्त उंच माणसाला पाय दुमडावे लागतात.

पलंगाविषयी. सगळ्यांना खाली भरपूर सामान ठेवता येईल असा उंच पलंग हवा असतो. तसे करू नका. माणूस ताठ बसला की बुडापासून डोक्यापर्यंत ८५ ते ९० सेंमी लागतात. गाडीच्या जमिनीपासून छतापर्यंत टेप लावा, त्यातून हे ९० वजा करा, गादीची जाडी वजा करा, उरेल ती पलंगाची उंची. ती एखाद्या वितीपेक्षा फार जास्त येत नाही, आणि तेवढीच ठेवा. पावसाळ्यात संध्याकाळी सात वाजता आत अडकलात आणि ताठ बसता येत नसेल, तर ती गाडी राहण्याची नाही.

सांगाडा ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा करा. लोखंडी केलात तर खाऱ्या हवेत दर वर्षी रंगकाम करावे लागते. वर अखंड प्लाय टाकू नका, मध्ये दोन बोटांची फट ठेवून पट्ट्या टाका. झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि खालचा पृष्ठभाग थंड असला की तिथे पाणी धरते. फट असेल तर हवा खेळते. पट्ट्या प्लायच्याच कापणार असाल तर आयएस ७१० छापाचा, पाण्यात टिकणारा प्लाय घ्या, १२ मिमी पुरतो, आणि कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या. पाणी शिरते ते कडेतूनच. पलंग तीन तुकड्यांत करा, म्हणजे एकटा माणूस उचलून बाहेर ठेवू शकतो.

गादी रबर लावलेल्या काथ्याची, तीन-चार इंची. मऊ फोम अंगाखाली गरम होतो आणि भिजला की वाळत नाही. वर सुती चादर.

आता हवा, आणि माझ्या मते निम्मा धागा यावरच व्हायला हवा. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री उलटे, सह्याद्रीकडून समुद्राकडे मतलई वारे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत किनारपट्टीवर हे अगदी स्पष्ट जाणवते. म्हणून रात्रीसाठी गाडी लावताना नाक उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, म्हणजे एक सरकते दार पूर्वेला येते. दोन्ही दारांना जाळी लावून ती थोडी उघडी ठेवली की वारा आडवा निघून जातो. डिसेंबरात पहाटे चादर ओढावी लागते. एकाच बाजूची काच उघडून उपयोग होत नाही, हवेला बाहेर पडायची वाट लागते.

एप्रिल-मे मध्ये किनाऱ्यावर रात्री पारा २६-२७ च्या खाली येत नाही आणि दमटपणा असतोच. तेव्हा गाडीत झोपायचे तर चोर्ला घाटाच्या बाजूला वर चढा. तिथली उंची सुमारे ८०० मीटर, चार-पाच अंशांचा फरक पडतो.

वीज, पाणी, चूल याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, तोवर विचारा.

नवखा_पणजी

वाचनखूण साठवली. एक शंका. मधला बाक काढायचा की त्याच्यावरूनच पलंग टाकायचा? आणि काढला तर आरटीओचे काय? कोणी म्हणते चालते, कोणी म्हणते गाडी जप्त होते.

कुळागर

कायद्याचे मी सांगतो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. आसनांची संख्या हा त्या तपशिलाचाच भाग आहे. गाडी कागदोपत्री ‘मोटार कॅराव्हॅन’ करायची तर तिच्यासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. ते काम कारखान्याचे, घरच्या गॅरेजचे नव्हे.

म्हणून मांडवीकाठ म्हणतात ते कायद्याच्या अंगानेही बरोबर बसते. छत कापणे, पत्र्याला भोके पाडणे, कायमचे कपाट वेल्ड करणे, यातले काही करू नये. सुटा पलंग हे सामान झाले, गाडीतला बदल नव्हे. बाक पान्याने सुटतो, तो जपून ठेवा, आणि सहलीखेरीज एरवी जागेवर असू द्या. विम्याच्या दाव्याच्या वेळी गाडी मूळ रूपात असलेली बरी.

कार्गो मॉडेल घ्यायचा सल्ला काही जण देतात. ते मालवाहू म्हणून नोंदले जाते, त्याचे नियम आणि कागद वेगळे. घरगुती वापरासाठी पाच आसनी घ्या.

मांडवीकाठ

कुळागर, आभार. नवखा, बाकावरून पलंग टाकलात तर वर सांगितलेली बसायची उंची राहत नाही. सहलीपुरता बाक काढा. त्याच्या बोल्टची जी भोके जमिनीत आहेत, त्यांतच पलंगाचा सांगाडा कसा. नवे एकही भोक पाडावे लागत नाही आणि पलंग गाडीशी घट्ट राहतो. हे टाळू नका. सुटा पलंग आणि त्यावरचे सामान जोराच्या ब्रेकला थेट ड्रायव्हरच्या पाठीत येते. आणि गाडी चालू असताना त्या पलंगावर कोणीही आडवे व्हायचे नाही, लहान मूल तर नाहीच.

वजनाचाही विचार करा. रिकामी इको साधारण ९४० किलोची. तिला हलके ठेवले तरच अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना ती दमत नाही.

तारतंत्र

विजेचे मी लिहू का? माझे रोजचे कामच ते आहे.

हिशेब आधी, खरेदी नंतर. १२ व्होल्टचा चांगला पंखा २० वॉट खातो, आठ तास चालला तर १६० वॉट-तास. एलईडी दिवा ५ वॉट, चार तास, २०. दोन मोबाइल मिळून ३०. एका रात्रीला साधारण २१०. लिथियम आयर्न फॉस्फेटची ५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२.८ गुणिले ५०, ६४० वॉट-तास. दोन रात्री आरामात, तिसरीही बहुतेक निघते. वजन शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी.

ती भरायला गाडीच्या बॅटरीला थेट वायर जोडू नका. लिथियम बॅटरी रिकामी असताना भरमसाट प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे वीजजनित्र, तापतो. मध्ये प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. २० अँपिअरचा घेतला तर तासाला २० अँपिअर-तास भरतात. पणजीहून काणकोणला पोचेपर्यंत निम्म्याच्या वर बॅटरी भरलेली असते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वितीच्या आत, दोन्ही बॅटऱ्यांपाशी एकेक. वायर तांब्याची, आणि जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच. खाऱ्या हवेत जोडण्या हिरव्या पडतात, म्हणून कथलाचा मुलामा दिलेले लग (वायरीच्या टोकाचे जोड) वापरा आणि वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा.

बॅटरी उन्हात तापलेल्या मागच्या काचेजवळ ठेवू नका. पलंगाखाली, सावलीत.

दर्यावर्दी

फ्रिज नाही का सुचवत कोणी? मासे ठेवायचे तर फ्रिज हवा. मी ४० लिटरचा घ्यायच्या विचारात आहे.

तारतंत्र

घ्या, पण तो एकटा बाकी सगळ्यांच्या दुप्पट खातो. आपल्या उन्हाळ्यात ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ४०० ते ५०० वॉट-तास धरा. म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी आणि वर शंभर-दीडशे वॉटचे सौर पॅनेल. उघड्या उन्हात १०० वॉटचे पॅनेल दिवसाला ४०० च्या आसपास देते, पण उन्हात गाडी लावायची म्हणजे झोपायची जागा तापवायची. हे दोन्ही एकदम साधत नाही.

मांडवीकाठ

दर्यावर्दी, मी बर्फाच्या बाजूचा. एक किलो बर्फ वितळताना साधारण ९३ वॉट-तासांइतकी उष्णता शोषतो. पाच किलो म्हणजे ४६५. दिवसभराचा गारवा पाच किलोत निघतो. मालिम, कुटबण, खारीवाडा, अशा कुठल्याही मासेमारी जेटीजवळ बर्फ मिळतो. जाड भिंतींची पेटी घ्या, तळाला तोटी असलेली, आणि बर्फ फोडून नव्हे तर अखंड लादीचा तुकडा ठेवा. जून-जुलैत ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, तेव्हा जेटीवर शुकशुकाट. पण त्या दिवसांत ताजे मासे तरी कुठले ठेवणार? सोलकढी आणि दूध गार राहिले की झाले.

मायाताई_म्हापसा

मी आणि माझी बहीण, आम्ही दोघीच फिरतो. इथल्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. गाडी कितीही आरामशीर केली तरी ‘रात्री कुठे लावायची’ आणि ‘सकाळी कुठे जायचे’ हे ठरले नसेल तर बाईमाणसाला झोप लागत नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. अंधार पडायच्या आत जागा ठरवतो. ओळखीच्या घराचे अंगण, किंवा एखाद्या होमस्टेवाल्या बाईंना विचारून त्यांच्या आवारात. खोली नको, गाडी लावू द्या आणि न्हाणीघर वापरू द्या, त्याचे पैसे देतो, असे स्पष्ट सांगितले की बहुतेक जणी हो म्हणतात. फोंड्याकडे असलो तर मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भाविकांसाठीच्या निवासखोल्या, आहेत. तिथे आम्ही सरळ खोलीच घेतो, गाडीत झोपायचा हट्ट धरत नाही. आंघोळ होते, देवदर्शन होते, दोन दिवसांचे कपडे वाळतात.

गाडीचे नाक नेहमी बाहेर पडायच्या दिशेला. पुढची सीट मोकळी, किल्ली हाताशी. पडदे सगळ्या काचांना, पुढच्या काचेलासुद्धा. आम्ही चंदेरी फॉइलचे तुकडे काचेच्या मापाने कापून त्यांना आतून काळे कापड शिवले. दिवा लागला तरी बाहेरून गाडी रिकामी दिसते आणि दुपारी ऊन परतवले जाते. पण मांडवीकाठ भाऊ म्हणतात तसे सरकते दार उघडे ठेवून आम्ही झोपत नाही. दारे बंद, सरकत्या काचा चार बोटे उघड्या, त्यांना जाळी, आणि पंखा. तेवढ्यात चालते.

रात्रीसाठी झाकणाची बादली, त्यात लाकडाचा भुसा, आणि घट्ट बंद होणारी पिशवी. लाजण्यासारखे त्यात काही नाही. सगळ्यांत जास्त निवांतपणा आम्हाला त्या बादलीनेच दिला.

मांडवीकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. दाराविषयीही मान्य, परिचित आवारात नसलो तर मीही काचाच उघड्या ठेवीन.

काणकोणकर

आमच्या बाजूला येणाऱ्यांसाठी दोन शब्द, जरा तळमळीने लिहितो.

किनाऱ्यावर गाडी उतरवू नका. बंदी आहे, गुन्हा नोंदवला जातो, आणि इको मागच्या चाकांवर चालणारी, हलकी गाडी. मऊ वाळूत चाके रुतली की भरतीच्या आधी ती निघेलच असे नाही. गालजीबाग, आगोंद, तिकडे उत्तरेला मोरजी आणि मांद्रे, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या महिन्यांत किनाऱ्याच्या तोंडाशी हेडलाइट लावून उभे राहणेसुद्धा वाईट. पिल्ले उजेडाकडे जातात, समुद्र सोडून.

उघड्यावर स्वयंपाकाचेही तसेच. गोव्यात पर्यटनस्थळांच्या रक्षणासाठी २००१ चा कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने उघड्यावर दारू पिणे आणि स्वयंपाक करणे दंडाच्या कक्षेत आले, आणि २०२५ मध्ये दंड वाढून तो ₹५,००० ते ₹१ लाख झाला. चूल मांडायची ती कोणाच्या तरी अंगणात, विचारून. अभयारण्यात रात्री गाडी लावून राहू नये. मोले, बोंडला, खोतीगाव इथे वनखात्याची निवासस्थाने आहेत, ती आधी ठरवा.

आणि माडाखाली गाडी लावू नका. सावली छान दिसते, पण नारळ पडला तर काच फुटते, झावळी पडली तरी छताला पोचा येतो. फणसाखालीही मे महिन्यात नको. आंबा, जांभूळ चालेल. खाडीकाठच्या सखल जागेत लावताना अमावास्या-पौर्णिमा पाहा. आपल्याकडे उधाणाच्या भरतीला पाणी दोन मीटरच्या वर चढते. संध्याकाळी कोरडी दिसलेली खाजणाची, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीची, कड मध्यरात्री कोरडी नसते.

नवखा_पणजी

खाजणाजवळ डास फार असतील ना? साधी मच्छरदाणी पुरते?

काणकोणकर

डासांना पुरते. खारफुटीजवळ मात्र वाळूमाशी असते, इतकी बारीक की साध्या जाळीतून सरळ आत येते. तिथे झोपायचेच तर अगदी दाट विणीची जाळी हवी, आणि दाट जाळीतून वारा कमी येतो, म्हणजे पंखा आलाच. त्यापेक्षा खाडीपासून थोडे वर, टेकाडावर जा.

कुळागर

चुलीवरून आठवले. घरगुती सिलिंडर गाडीत नेऊ नये. ब्यूटेनच्या छोट्या डब्यावर चालणारी शेगडी दोघांना पुरते. पण तो डबा बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही, आणि गाडीच्या आत, दारे लावून, शेगडी पेटवायची नाही, पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागचे दार वर उघडले की त्याखाली चहापुरता आडोसा मिळतो, त्याला पुढे ताडपत्री बांधली की सरींतही स्वयंपाक होतो. सकाळच्या न्याहारीची तर चिंताच नको, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकू आला की पोळ्या आणि उंडे हे गोव्याचे पाव दारात.

सत्तरीचा_वारा

एक विचारायचे होते. आई-वडिलांना घेऊन फिरायचे आहे, वडिलांचे गुडघे दुखतात. इतक्या कमी उंचीच्या पलंगावरून त्यांना उठता येईल का?

मांडवीकाठ

येईल, बाजूने उठले तर. सरकते दार उघडून त्यांना पलंगाच्या कडेवर आडवे बसवा आणि पाय बाहेर सोडू द्या. गाडीची जमीन मुळातच उंचावर असते, त्यामुळे बाहेरून पाहिले तर ती बैठक खुर्चीपेक्षाही वर येते. खाली एक भक्कम पाट ठेवा, म्हणजे पाऊल टेकायला मधली पायरी मिळते. धरायला पुढच्या सीटची पाठ आहेच. त्यांच्याकरता दाराजवळची बाजू राखा आणि पाणी, औषधे, विजेरी उशाशी. तुम्ही मात्र चौघे असाल तर गाडीत दोघेच झोपणार, तुमच्यासाठी तंबू किंवा खोली पाहा.

सत्तरीचा_वारा

समजले. देव बरें करूं (आभारी आहे). आता शेवटचे. पावसाळ्यात गाडी फारशी बाहेर निघणार नाही. तेव्हा काय काळजी घ्यायची?

मांडवीकाठ

मे अखेरीला सगळे बाहेर काढा. पलंगाचे तुकडे आणि गादी दोन दिवस कडक उन्हात तापवून मग घरात उभ्या ठेवा, भिंतीला न टेकवता. गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या कमानी आणि सरकत्या दारांच्या खाचा विशेष, मीठ आणि वाळू तिथेच साठते. वाळली की खाचांना ग्रीस आणि खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप. रबरी पायपोस उचला, त्यांच्याखाली ओल राहते. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या जरा वर असू द्या आणि तारा सोडवा. आत एका उघड्या भांड्यात कळीचा चुना ठेवला तर तो ओल धरतो, पण त्यावर पाणी पडू देऊ नका, लगेच उकळतो. आणि श्रावणात उघडीप मिळाली की पाचही दारे उघडून गाडी तासभर उन्हात उभी करा.